खाडीचं वर्ष

माझी आत्या तिथीवरून भरतीची वेळ काढायची. तिथीला तीनने गुणायचं, चाराने भागायचं. एकादशी असली तर अकरा त्रिक तेहतीस, त्याचा चौथा हिस्सा सव्वाआठ. सव्वाआठला पूर्ण भरती. हा हिशेब कोकणच्या किनाऱ्यावर घरोघर ठाऊक आहे, त्यात विशेष काही नाही. आत्या त्याच्या पुढे जायची. सव्वाआठ ही समुद्राची वेळ झाली, ती म्हणायची. दाभोळच्या तोंडातून आत शिरलेलं पाणी आपल्याकडे चढून यायला उशीर लागतो, आणि तो उशीर बारा महिने सारखा नसतो. आषाढात नदी वरून लोटत असते, भरतीला वाट देत नाही. फाल्गुनात नदीत जीव नसतो, भरती सुखाने वर येते. असं बोलता बोलता ती मनातल्या मनात काहीतरी मिळवायची आणि एक वेळ सांगायची. त्या वेळेला चिखलात बसलेली होडी तरंगायची.

तिला जाऊन आता काही वर्षं झाली. माणूस गेल्यावर त्याचा आवाज आधी पुसट होतो असं म्हणतात. माझ्या बाबतीत तिचा चेहरा पुसट झाला आणि बोलणं राहिलं. त्यातलं बहुतेक बोलणं पाण्याबद्दलचं आहे, आणि ते ज्या पाण्याबद्दल आहे ते पाणीही आता राहिलेलं नाही. तिच्या आठवणीने मन भरून येतं तेव्हा मला नेमकं कुणाचं वाईट वाटतंय, आत्याचं की खाडीचं, हे पुष्कळदा वेगळं करता येत नाही.

आम्ही भोई. वाशिष्ठीच्या काठाचे. ही नदी सह्याद्रीत उगम पावते, चिपळूणला वळसा घालते आणि गोवळकोटपासून खाडी होते. पुढे खेडकडून आलेली जगबुडी तिला मिळते आणि उत्तरेला दाभोळ, दक्षिणेला अंजनवेलचा गोपाळगड यांच्या मधून ती समुद्रात शिरते. दाभोळ हे मध्ययुगातलं नावाजलेलं बंदर. १५०८ साली पोर्तुगीजांनी ते जाळलं. गोवळकोटच्या धक्क्याला उतरलेला माल कुंभार्ली घाटाने कऱ्हाडला चढायचा. घाटावरची धान्याची पोती आणि खालचं मीठ, सुकी मासळी यांची गाठ याच धक्क्यावर पडायची. आमच्या घरात या इतिहासाचा उल्लेख क्वचित व्हायचा. बोलणं व्हायचं ते पाणी कुठवर खारं आहे याचं.

खाडीला स्वतःचं वर्ष असतं, ते आत्याकडून ऐकलं तसं सांगतो. ते सुरू होतं मृगात. आमच्या भागात वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. डोंगरावर दोन दिवस कोसळला की नदीला लाल हौर येतो. मग मिठाचं काही चालत नाही. नदी त्याला ढकलत ढकलत पार दाभोळच्या तोंडापर्यंत नेते. भरती तेव्हाही येते, पाण्याची पातळी चढते-उतरते, पण चढतं ते गोडं पाणी. होडीच्या बुडाला उन्हाळाभर चिकटलेले शिंपले या गोड्यात मरून गळतात. चढणीचे मासे ओढ्या-पऱ्यांतून थेट भातखाचरांत घुसतात. आणि याच वेळी खाली जाणारेही असतात. अंड्यांवर आलेली खेकडीण समुद्राकडे निघते. निळ्या लांब नांग्यांची मोठी गोडी कोळंबी राहते नदीत, पण तिची पिल्लं जगतात मचूळ पाण्यातच, म्हणून पोटाला अंडी धरून तीही खाली उतरते.

दसऱ्याच्या सुमारास पाणी निवळतं. नदीचा जोर ओसरतो आणि मीठ परत निघतं. ते वरून येत नाही, तळाने येतं, कारण खारं पाणी गोड्यापेक्षा जड. वर गोडं वाहत असतं आणि खाली, पाण्याच्या पोटातून, समुद्र आत सरकत असतो. समुद्राच्या एका लिटरमध्ये पस्तीसेक ग्रॅम मीठ असतं. खाडीत कुठल्या महिन्यात त्यातलं किती, कुठवर, हे ठरतं वरून येणाऱ्या पाण्यावर आणि खालून रेटणाऱ्या भरतीवर. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात दोन्ही पाणी घुसळून निघतं, अष्टमीच्या भांगात पुन्हा थर बसतात. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष असं करत मीठ एकेक गाव वर चढतं. त्याच्याबरोबर समुद्रात जन्मलेली कोळंबीची दोऱ्याएवढी पिल्लं खाडीत वाढायला येतात, बोयांचे थवे येतात, खडकांवर नि खुंटांवर कालवं धरतात. वैशाखात नदी वरून जवळजवळ थांबते आणि पुऱ्या खाडीवर समुद्राचं राज्य होतं. मग पुन्हा मृग.

आत्या स्वातंत्र्याच्या वेळी परकर नेसायची. म्हणजे हे पुरं वर्ष तिने लहानपणी आणि लग्नानंतरची थोडी वर्षं पाहिलेलं. शिमग्याच्या आधी मीठ गोवळकोटच्या खाली येऊन थडकायचं आणि काठच्या विहिरी मचूळ व्हायच्या, असं ती सांगायची. त्या पाण्यात शिजवलेली डाळ लवकर गळत नसे. बाया डोंगरातल्या झऱ्यावर हंडे घेऊन जात, पाळीला बसत, पहाटे निघाल्या तर उन्हं वर येईस्तोवर घरी येत. हे मी मुद्दाम लिहितोय. जुनं ते सगळं गोड होतं, असं आत्या कधी म्हणाली नाही आणि तिच्या नावाने मीही म्हणणार नाही.

मग कोयना आली.

कोयना आमची नदी नव्हे. महाबळेश्वरला उगम पावून ती सह्याद्रीच्या पलीकडच्या अंगाने दक्षिणेला उतरते, कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी सगळा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात जातं. हेळवाकजवळ तिला धरण घातलं, डोंगरातून बोगदे काढले आणि पाणी उलट, पश्चिमेच्या कड्यावरून कोकणात उतरवलं. १९६२ साली पोफळीच्या भूमिगत वीजगृहातलं पहिलं जनित्र सुरू झालं. पुढे अलोऱ्याचा टप्पा झाला, कोळकेवाडीचं धरण झालं, १९९९ मध्ये कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयाच्या तळाशी स्फोट करून लेक टॅपिंग केलं आणि एक हजार मेगावॅटचा चौथा टप्पा आला. कृष्णेच्या पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीची मर्यादा घातली. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. त्या साडेसदुसष्ट टीएमसीची वर्षभराची सरासरी काढली तर दर सेकंदाला साठ हजार लिटर होतात. वीज करून झाली की हे अवजल कालव्याने वाशिष्ठीत येतं. पावसाळ्यात येतं तसं चैत्र-वैशाखातही येतं. जी नदी उन्हाळ्यात थांबायची ती आता थांबत नाही.

नदी थांबली नाही तर मीठ वर चढू शकत नाही. एवढंच झालं. कुणी बांध फोडला नाही, कुणी खाडी बुजवली नाही. खाडीच्या वर्षातून उन्हाळा तेवढा उचलून नेला.

आत्याने त्या पहिल्या वर्षांचं सांगितलेलं मला शब्दशः आठवतं. भांगाची तिथी, पाणी हलायला नको, आणि रात्री जेवणं आटोपल्यावर बाहेर बघते तर पाणी काठाला लागलेलं. तिने बोटं मोजली, परत मोजली. सासऱ्यांना विचारलं, तेही गप्प. चंद्राच्या हिशेबात न बसणारी ती भरती पुढे रोजची झाली. कोयना मुख्यतः चढ्या मागणीच्या वेळी चालवायचा प्रकल्प; संध्याकाळी शहरांचे दिवे लागले, की जनित्रं फिरतात, पाणी सुटतं आणि काही तासांनी ते खाली येतं. मी डोंबिवलीत वाढलो. संध्याकाळी देवापाशी निरांजन लावून आई ट्यूबलाइटचं बटण दाबायची, तेव्हा आत्याच्या दारातलं पाणी चढायच्या तयारीला लागत असे. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यापासून आमच्या घरातला तो साधा दिवा मला आत्याच्या आठवणीपासून सुटा करता आलेला नाही.

कालवं आधी गेली. धक्क्याच्या दगडांवर, खुंटांवर त्यांचा राखाडी पट्टा असे. आत्या लहानपणी कोयतीने ती फोडायची, तळहाताला कायमचे चरे पडलेले तिने मला दाखवले होते. गोडं पाणी बारा महिने लागायला लागलं तशी ती मेली आणि रिकामी कवचं पुढे बरीच वर्षं दगडाला धरून राहिली. मग मुळे-शिंपले खाली सरकले, बोयांचे थवे खाली सरकले. आमच्या माणसांना पाग टाकायला होडी खाली, आणखी खाली न्यावी लागायला लागली. त्याच वेळी विहिरी गोड झाल्या. बायांचे हंडे उतरले. काठाने कलमं, पोफळी उभ्या राहिल्या, उन्हाळी भाजी निघायला लागली. आत्या स्वतः म्हणायची, डोक्यावरचा हंडा गेला हे कोयनेचं पुण्य. गेलेल्या कालवांबद्दल ती तक्रार करत नसे. करायची कुणाकडे, आणि बदल्यात जे मिळालं होतं ते खोटं थोडंच होतं?

पण दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो की ती एक गोष्ट न चुकता करायची. मामांना, म्हणजे तिच्या यजमानांना, सांगून होडी काढायची आणि मला म्हणायची, "चल, मीठ खंय आलंय बघून येऊ."

ओहोटीबरोबर आम्ही खाली निघायचो. दोन्ही काठांना तिवरांची रांग, चिखलावर कधी मगर पसरलेली. मामा वल्हं मारायचे, आत्या पुढे बसायची, हातात लांब बांबू. ठरावीक ठिकाणी ती तो बांबू सरळ तळात खुपसायची, वर काढायची, टोकाला चिकटलेला चिखल बोटावर घ्यायची आणि जिभेला लावायची. वरचं पाणी ओंजळीत घेऊन चाखायची ते वेगळं. पाणी गोडं असतानाही चिखल खारा लागतो, कारण मीठ तळाने येतं, हे तिला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नव्हतं. "नाय अजून. खाली चल." पुन्हा बांबू, पुन्हा चिखल. मलाही एकदा चाखायला दिला. मला सगळीकडे चिखलच लागला. मग एका वळणावर तिचा चेहरा उजळायचा. दूरच्या सासरी दिलेली लेक भेटावी तसा. "हितं आलंय," म्हणायची आणि थुंकून तोंड धुवायची. तिथे आम्ही भाकरी सोडायचो, भरती लागेपर्यंत बसायचो आणि भरतीवर घरी यायचो. पूर्वी मीठ तिच्या दारात यायचं, आता ती त्याच्याकडे जात होती. हे तिने बोलून दाखवलं नाही; ते माझं मला सुचलं, तेही ती गेल्यावर.

नोकरीनिमित्त पुढे मला गोव्यात काही काळ राहावं लागलं. मांडवीच्या काठाने मी पुष्कळ फिरलो. तिथे दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ साली स्थापन झालेली, आणि मांडवी-जुवारीच्या ऋतूंचा अभ्यास तिथल्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं केलेला आहे. त्यांचे आलेख मी पाहिले. जून ते सप्टेंबर नदीचा जोर आणि गोडं पाणी. नोव्हेंबरपासून वरचा ओघ नाममात्र. मग मेअखेरपर्यंत क्षारतेची रेघ हळूहळू घाटाच्या दिशेने चढत जाते. भरती-ओहोटी मुखापासून पन्नासेक किलोमीटर आत, गांजेपर्यंत पोचते. आत्याने सांगितलेलं वर्ष मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं ते त्या आलेखांत, आणि मग मे महिन्यात प्रत्यक्ष मांडवीत. तिथल्या खाजनांत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत, पावसाने मीठ धुऊन काढल्यावर खारं सोसणारा कोरगूट भात लावतात आणि भात निघाला की बांधातल्या मानशीची दारं उघडून खारं पाणी व मासळी आत घेतात. एकाच शेतातून वर्षात दोन ऋतू, एक गोड्याचा, एक खाऱ्याचा. माणसाने खाडीच्या वर्षाशी इतका समजुतीचा संसार केलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. आत्याला तिथे आणायचं राहिलं.

त्याच काळात म्हादईचं, म्हणजे मांडवीचंच वरच्या अंगाचं पाणी पूर्वेला, मलप्रभेकडे वळवण्यावरून गोवा आणि कर्नाटकात भांडण पेटलेलं होतं. २०१८ मध्ये लवादाचा निवाडा आला, वाद मिटला नाही. गोव्यातल्या लोकांची एक धास्ती अशी, की वरून गोडं पाणी कमी झालं तर मीठ जास्त वर चढेल, विहिरी आणि शेती नासतील. आमच्याकडे नेमकं उलटं झालं होतं. पलीकडचं पाणी आणून खाडीत ओतलं आणि मिठाला हाकललं. दोन्हीकडे धोका मिठाचा किंवा गोड्याचा नाही. धोका आहे तो एकामागून एक येण्याची पाळी मोडण्याचा. कोळंबीला, खेकडीला, बोयांना दोन्ही हवं असतं, पण वेळेवर. ही पाळी मोडण्याला मी नासाडी म्हणतो, आणि तिची भरपाई कुठल्याही पंचनाम्यात धरलेली मला आढळली नाही.

दाभोळ खाडीतल्या प्रदूषणाबद्दल पुष्कळ लिहिलं, बोललं गेलं आहे. वरच्या पठारावर रासायनिक कारखाने आले, मेलेल्या मासळीचा खच काठाला लागू लागला, भोई समाजाने मोर्चे काढले, निवेदनं दिली. ते सगळं खरं आहे आणि त्या लढ्यात माझे भाऊबंद आहेत. मेलेला मासा दिसतो, त्याला वास येतो, त्याचा फोटो छापून येतो. न आलेल्या मासळीचा फोटो कसा काढणार?

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. आषाढ शुद्ध त्रयोदशी, पौर्णिमा तोंडावर, म्हणजे उधाण. वर घाटात अहोरात्र पाऊस. नदीला समुद्र वाट देत नव्हता आणि पाऊस थांबत नव्हता. बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. आमचं घर जोत्याला उंच, म्हणून वाचलं. फोन लागला तेव्हा आत्याने माझ्याकडे दुसरं काही विचारलं नाही, आज तिथी कुठली एवढं विचारलं. मी सांगितली. "मग दुपारपर्यंत नाय उतरायचं," ती म्हणाली आणि फोन दादाकडे, म्हणजे तिच्या मुलाकडे, दिला. पुरानंतर सरकारने नदीतला गाळ काढायला घेतला. यंत्रं लागली, काठाशी गाळाचे डोंगर उभे राहिले. चिपळूणकरांच्या दृष्टीने ते आवश्यकच होतं. खालच्या अंगाला रेतीचा उपसा तर त्याआधीपासून चाललेला. त्या हिवाळ्यात, माघात, आत्या गेली. अंथरुणावर फार दिवस नव्हती. शेवटी शेवटी ती मला ओळखायची पण नाव माझ्या वडिलांचं घ्यायची, आणि पाणी पाजलं की आधी जिभेवर थोडं धरायची, मग गिळायची.

ती गेल्यावर मी तिचं बोलणं उतरवून काढायला बसलो. कुठल्या महिन्यात मीठ कुठल्या गावाला, कुठल्या वाऱ्याला कोळंबी, कोणत्या तिथीला कोणतं जाळं. दादाने मदत केली, पण त्याचा जन्म कोयनेनंतरचा. त्याला खालची खाडी ठाऊक, वरची जुनी नाही. वहीत जागोजाग मोकळ्या जागा राहिल्या आहेत.

गेल्या शिमग्याला गावी गेलो तेव्हा दादा वेगळ्याच काळजीत होता. कोयनेचं अवजल मुंबईला न्यायची योजना अनेक वर्षं चर्चेत आहे, मधूनमधून पेपरात येते, आणि तशी एक बातमी त्याने वाचली होती. काठाला त्याने पोफळी लावल्या आहेत, आता फळाला आल्यात. पोफळीला खारं चालत नाही. गावाच्या नळपाणी योजनेची विहीरही नदीतच. अवजल वळवलं तर उन्हाळ्यात नदी पुन्हा थांबेल, मीठ पुन्हा वर येईल. किती वर, कुठल्या महिन्यात, हे त्याला माझ्याकडून हवं होतं, वहीतून. मी वही काढली. गोवळकोटच्या खाली, शिमग्याच्या आधी, असं आत्याचं वाक्य होतं, ते वाचून दाखवलं. मग त्याला हेही सांगितलं की त्यावर विसंबू नकोस. ते पूर्वीच्या उथळ खाडीचं आहे. गाळ काढला, रेती उपसली, तळ खोल गेला. खोल तळाने जड पाणी लवकर चढतं आणि लांबवर जातं. आता ते पौषातच येईल, की मार्गशीर्षात, आणि चिपळूणच्या पुलाखालून वर शिरेल का, हे कुणीतरी नीट मोजूनच सांगावं लागेल.

"आईला विचारून ठेवायला हवं होतं," दादा म्हणाला.

मी म्हटलं, तिलाही सांगता आलं नसतं. तिने बांबू ज्या तळात खुपसला, तो तळ आता तिथे नाही.